छापखाना आपला, टपाल कोणाचे?

“ईमेल कोण वाचतो आता? व्हॉट्सॲपवर टाका ना, दोन मिनिटांत सगळ्यांना जाते.”

चळवळीतल्या दर दुसऱ्या बैठकीत हे वाक्य येते आणि सगळे मान डोलावून पुढच्या विषयाकडे वळतात. माझा या वाक्याला विरोध आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जातली त्रुटी कळवणारे पत्र मेलवर येते. विद्यापीठाचे प्रवेशपत्र मेलवर येते. मुलाखतीचे बोलावणे, ऑनलाइन माहिती अधिकार अर्जाचे उत्तर, वकिलाने मागवलेले कागद, प्राध्यापकाचे शिफारसपत्र, सगळे मेलवर. ज्यांच्या हातात प्रशासन, शिक्षण आणि नोकऱ्या आहेत ते आपला कामाचा व्यवहार आजही मेलवर करतात. आपल्याला मात्र सांगितले जाते की गुड मॉर्निंगच्या फोटोंच्या ढिगाऱ्यातच चळवळ चालवा. हे आपण का मान्य करायचे?

मुद्दा नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. बाबासाहेबांनी त्यावर रडगाणे गायले नाही. दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात जागा मागत बसण्यापेक्षा त्यांनी आपली पत्रे उभी केली. ‘मूकनायक’ बंद पडले, १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ आले. ते थांबले, १९३० ला ‘जनता’ आले. १९५६ ला त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पुढे छापखानाही आपला झाला. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस पाडला गेला तेव्हा हजारो लोक मुंबईच्या रस्त्यावर का उतरले? जुन्या यंत्रांच्या लोखंडासाठी कोणी उतरत नाही. आपले म्हणणे आपल्या यंत्रावर छापण्याचा हक्क तिथे उभा होता, म्हणून लोक उतरले.

त्या छापखान्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या पिढीला मला विचारायचे आहे: तुमच्या संघटनेच्या सभासदांची यादी आज कोणाच्या यंत्रात आहे? व्हॉट्सॲपच्या गटात १०२४ च्या वर माणसे बसत नाहीत. गटाची सूत्रे ज्याच्या हातात आहेत तो माणूस रुसून दुसऱ्या गटात गेला, की यादीही त्याच्याबरोबर जाऊ शकते. फेसबुकच्या पानावर दहा हजार अनुयायी दिसतात. त्यातल्या किती जणांना तुमची पोस्ट दाखवायची ते कंपनी ठरवते. याला प्रबोधनाचे माध्यम म्हणायचे असेल तर म्हणा, पण ‘आपले’ म्हणू नका.

मेलची गोष्ट वेगळी आहे. मेल कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरकडे पत्र कसे द्यायचे याचे एसएमटीपी नावाचे नियम १९८२ साली सगळ्यांसाठी खुले लिहिले गेले आणि सुधारणा होत होत आजही तेच चालतात. पोस्टफिक्स, डोव्हकॉटसारखी त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर फुकट आणि खुली आहेत. कोणीही स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे, भाड्याने एक छोटा सर्व्हर घ्यावा आणि स्वतःचे टपाल कार्यालय उघडावे. परवाना लागत नाही, कोणाची सही लागत नाही. कागदावर पूर्ण समता.

आणि इथेच आंबेडकरवाद्याचे कान टवकारले पाहिजेत. कागदावरची समता आणि व्यवहारातली विषमता यांच्यातल्या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात देऊन ठेवला आहे. मेलच्या दुनियेत ती विसंगती रोज दिसते.

व्यवहारात काय होते ते पाहा. कार्यकर्ता सर्व्हर भाड्याने घेतो. पहिला धक्का असा की मेल बाहेर जाण्याचे २५ क्रमांकाचे दारच बंद असते. घरच्या इंटरनेटवर ते सहसा बंदच असते, आणि मोठ्या क्लाउड कंपन्याही ते बंद ठेवूनच सर्व्हर देतात. कोणी विनंती केल्यावर उघडते, कोणी उघडतच नाही. दार उघडणारी कंपनी शोधली तर दुसरा धक्का. मिळालेल्या आयपी पत्त्यावर आधी कोणीतरी भामटा राहून गेलेला असतो आणि पत्ता काळ्या यादीत असतो. पत्ता स्वच्छ असला तर शेजारी वाईट निघतो, कारण काही याद्या एकट्या पत्त्याला धरत नाहीत, आजूबाजूचा पट्टाच्या पट्टा धरतात. यूसीईप्रोटेक्ट नावाच्या यादीची तिसरी पातळी तर एखाद्या होस्टिंग कंपनीचे अख्खे जाळे दोषी धरते, आणि त्यातून लवकर सुटायचे तर पैसे भरण्याची सोयही आहे. मोठ्या मेल कंपन्या ही यादी सहसा जुमानत नाहीत, पण जुमानणारे सर्व्हर आहेत.

तिसरा धक्का सगळ्यात वाईट. समोरचा मोठा सर्व्हर पत्र घेतो. ‘मिळाले’ असे नीट उत्तर देतो. तुमच्या नोंदीत पत्र पोचलेले दिसते. प्रत्यक्षात ते स्पॅमच्या कोठडीत पडते. ना पाठवणाऱ्याला कळते, ना घेणाऱ्याला.

हे वाचून आपल्यातला एक वर्ग लगेच म्हणेल, “बघा, अल्गोरिदमसुद्धा मनुवादी!” दुसरा म्हणेल, “मशीनला जात नसते, उगाच सगळीकडे जात आणू नका.” मला दोघांशीही भांडायचे आहे.

आधी पहिल्याशी. स्पॅमची चाळणी कोणी बहुजनांचा आवाज दाबायला तयार केलेली नाही. ३ मे १९७८ रोजी एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवरच्या सुमारे ४०० लोकांना न विचारता जाहिरात पाठवली. तो पहिला स्पॅम मानला जातो. त्यानंतर मेलपेट्या कचऱ्याने भरल्या. चाळणी नसती तर मेल कधीच मेला असता. आणि त्या कचऱ्यात नुसती जाहिरात नसते, फास असतो. ‘तुमची शिष्यवृत्ती मंजूर, बँकेचे तपशील द्या’, ‘रेल्वेत थेट भरती, नोंदणी शुल्क भरा’ ही पत्रे कोणाला फसवतात? घरात आधी कोणी सरकारी कागद न वाचलेल्या, पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाला. चाळणी त्याचीही ढाल आहे.

याहून गंभीर उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासून आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन फॉरेन्सिक संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला. ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेल्या मेलमधून त्यांच्या यंत्रात नेटवायर नावाचे मालवेअर शिरले आणि त्या वाटेने आक्षेपार्ह कागद आत ठेवले गेले, असे तो अहवाल सांगतो. एनआयएने हे निष्कर्ष मानलेले नाहीत, न्यायालयातली लढाई न्यायालयात होईल. पण कार्यकर्त्याने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. एक चुकीची जोडणी उघडली तर वर्षानुवर्षांचा तुरुंग दारात उभा राहू शकतो. ज्या चळवळीच्या माणसांवर असे हल्ले होतात त्या चळवळीने ‘चाळणी नकोच’ म्हणणे हा आत्मघात आहे.

आता आपल्या संघटना मेल कशा पाठवतात तेही बघू. अकरा महिने एकही पत्र नाही. १३ एप्रिलच्या रात्री एकदम तीन हजार पत्रे. कोणत्या तरी मेळाव्याच्या नोंदवहीतून उतरवलेले पत्ते, त्यातले निम्मे मेलेले. मजकुरात अक्षर नाही, नुसते एक पोस्टर, कारण मजकूर श्रीलिपीत टाइप केला आणि दुसऱ्याच्या यंत्रात तो वाचता येत नाही म्हणून त्याचा फोटो करून जोडला. नाव काढून घ्यायची सोय नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता ‘नो-रिप्लाय’. आता यंत्राच्या जागी तुम्ही बसा. अनोळखी पत्ता, कालपर्यंत मुका, आज अचानक हजारो पत्रे, शेकडो परत येत आहेत, आत नुसते चित्र. भामटा नेमका असाच वागतो. यात मनू कुठे आला?

खरे तर हे आपल्या चळवळीचेच दुखणे आहे. मेल सर्व्हरची पत वर्षभराच्या नियमित पत्रव्यवहाराने वाढते: थोडी पत्रे, ठरलेल्या दिवशी, ओळखीच्या माणसांना, आणि त्यांची उत्तरे. जयंतीला जागी होणारी आणि १५ एप्रिलला झोपणारी संघटना यंत्राला संशयास्पद वाटते. वस्तीलाही ती तशीच वाटते. वस्तीतली माणसे तोंडावर बोलत नाहीत इतकेच.

आता दुसऱ्या मित्राशी, ज्याला मशीन तटस्थ वाटते.

यंत्राला जात नसते हे खरे. पण यंत्राच्या चुकीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. माझ्या कामात मी जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीच्या शिष्यवृत्ती अर्जात एका दाखल्याची त्रुटी निघाली. कार्यालयाने त्रुटीपूर्ततेचे पत्र मेलने पाठवले, मुदत सात दिवसांची. मेल स्पॅममध्ये गेला. ना फोन, ना एसएमएस, ना टपाल. तिने तो पाहिला तेव्हा मुदत उलटून गेली होती. कार्यालयाचे उत्तर ठरलेले होते: “आम्ही मेल केला होता, आमच्याकडे नोंद आहे.” कार्यालय बरोबर, मेल कंपनीचे यंत्र बरोबर, आणि मुलगी घरी. हेच पत्र एखाद्या प्राध्यापकाच्या मुलाचे हुकले असते तर? बापाच्या ओळखीचा कोणीतरी त्या कार्यालयात बसलेला असता, फोन गेला असता, “अरे, तुझा कागद राहिलाय.” ज्याच्याकडे दहा वाटा आहेत त्याची एक वाट बंद झाली तर त्याला फरक पडत नाही. आपल्या लेकराकडे वाट एकच असते, आणि तिच्यावरच चाळणी बसलेली असते. तटस्थ यंत्र विषम समाजात ठेवले की त्याच्या चुकांचे ओझे खालच्याच खांद्यावर येऊन बसते. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला एवढे तरी दिसले पाहिजे.

दुसरी गोष्ट पतीची. शेजार पाहून माणसाची पारख करणे आपल्याला नवीन नाही. वस्तीचे नाव ऐकून घर नाकारणारे मालक आणि पत्ता वाचून कर्ज नाकारणारे लोक आपण पाहिलेले आहेत. पट्टाच्या पट्टा काळ्या यादीत टाकणारा नियम त्याच जातकुळीचा आहे: तू काय केलेस हे विचारायचे नाही, तू कुठे राहतोस एवढेच बघायचे. पण ही तुलना इथेच थांबवली पाहिजे. आयपी पत्ता दहा मिनिटांत सोडता येतो आणि दुसरा घेता येतो. जात तशी सोडता येत नाही, म्हणून तर १९५६ ला नागपूरला जावे लागले. प्रत्येक त्रासाला जातीची उपमा देत सुटलो तर जातीचाच अर्थ पातळ होतो आणि ज्याला खरोखर विहिरीवरून हाकलले जाते त्याच्या दुःखाची थट्टा होते. उपमा जपून वापरा.

तिसरी गोष्ट सत्तेची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘मूकनायक’चा अंक टपालात पडत होता तेव्हा ते टपाल सरकारी होते. ‘केसरी’ने जाहिरात नाकारली, पण टपाल खाते “तुमची पत चांगली नाही” म्हणून अंक परत करू शकत नव्हते. तिकीट लावले की पत्र पोचवणे त्याचे काम. १८९८ च्या टपाल कायद्यात पत्रे अडवण्याचा अधिकार सरकारला होताच, पण त्यासाठी लेखी आदेश लागत असे. म्हणजे अडवणारा कोणीतरी माणूस असे, त्याची सही असे, आणि त्या सहीविरुद्ध लढता येत असे. आजचे टपाल मूठभर खासगी कंपन्यांचे आहे. तिथे आदेश नाही, सही नाही, कारण नाही. पत्र नुसते नाहीसे होते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मध्यस्थ कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावले आहे. पण ती रचना मुख्यतः कंपनीच्या वापरकर्त्याला समोर ठेवून केलेली आहे. बाहेरून पत्र पाठवणारी तालुक्याची छोटी संस्था तिथे कोणत्या खिडकीवर उभी राहणार?

मोठ्यांसाठी मात्र खिडकी उघडते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२० च्या निवडणुकीतल्या प्रचाराच्या मेलचा अभ्यास प्रसिद्ध केला. जीमेलने उजव्या बाजूच्या उमेदवारांचे मेल जास्त प्रमाणात स्पॅममध्ये टाकले आणि आउटलुक, याहूने डाव्यांचे, असे त्यात दिसले. रिपब्लिकन पक्षाने आरडाओरडा केला. त्याच वर्षी गूगलने राजकीय समित्यांचे मेल चाळणीतून वगळणारी एक प्रायोगिक योजना मांडली आणि ऑगस्टमध्ये तिथल्या निवडणूक आयोगाने तिला परवानगी दिली. तरीही पक्ष ऑक्टोबरमध्ये न्यायालयात गेला. २०२३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. निकाल काय लागला हा माझा मुद्दा नाही. सत्तेतल्या पक्षांसाठी कंपनी काही महिन्यांत वेगळे दार उघडायला तयार होते. तुमच्या-माझ्यासाठी एक अर्ज असतो, तो भरायचा आणि वाट बघत बसायचे. चाळणी तटस्थ असेल, चाळणीचा मालक तटस्थ नाही.

मग करायचे काय? रडायचे नाही आणि शिव्याही द्यायच्या नाहीत. काम शिकायचे.

पहिले, डोमेन घ्या, आणि ते संस्थेच्या नावावर घ्या. कोणा एका साहेबांच्या नावावर नको. आपल्याकडे गट फुटायला वेळ लागत नाही, आणि गट फुटला की डोमेन ज्याच्या नावावर त्याचे. नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात लिहा, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा.

दुसरे, ओळखपत्रे नीट करा. ती चार आहेत. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावर उमटणारी मोहोर. मजकूर वाटेत बदलला तर मोहोर जुळत नाही. डीमार्क म्हणजे या दोन्हींत नापास झालेल्या पत्राचे काय करावे याची तुमची सूचना, आणि तुमच्या नावाने कोण काय पाठवतो आहे याचे अहवाल मागवण्याची सोय. चौथे पीटीआर: आयपी पत्त्यावरून उलट शोधले तर तुमच्याच सर्व्हरचे नाव निघाले पाहिजे. पहिल्या तीन नोंदी तुम्ही डोमेनच्या डीएनएसमध्ये करता, चौथी होस्टिंग कंपनीकडून करून घ्यावी लागते. यातले काहीच अवघड नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा आपला कोणताही मुलगा किंवा मुलगी चार संध्याकाळी बसली तर शिकेल. ही नोंद म्हणजे तोतयाविरुद्धचे कुंपणही आहे. उद्या तुमच्या संघटनेच्या नावाने कोणी दंगल पेटवणारे पत्र फिरवले तर “हे आमच्या मोहोरेचे नाही” असे दाखवता आले पाहिजे.

तिसरे, यादी स्वच्छ ठेवा. ज्याने स्वतःहून नाव दिले त्यालाच पाठवा. परत आलेला पत्ता त्याच दिवशी काढा. नको म्हणणाऱ्याला एका क्लिकवर मोकळे करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले आहेत. जीमेलला दिवसाला ५००० च्या वर पत्रे पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि प्रचाराच्या पत्रात एका क्लिकची सोडवणूक सक्तीची आहे. मे २०२५ पासून आउटलुकनेही मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क सक्तीचे केले. “आम्ही कुठे ५००० पाठवतो” म्हणून सुटका नाही. लहान पाठवणाऱ्यालाही निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम लागते, पीटीआर लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. हिशेब करा: ४०० माणसांच्या यादीत ०.३ टक्के म्हणजे जेमतेम एक माणूस. दोघांनी वैतागून ‘स्पॅम’ दाबले की रेषा ओलांडली. दहा हजारांच्या यादीतले दोघे कोणाच्या खिजगणतीत नसतात. एकच टक्केवारी, पण तिचा मार लहानावर जास्त. आणि पत्ते विकत घेणारा किंवा खरडून जमवणारा चळवळीचा असला तरी तो दुसऱ्याच्या संमतीचा अवमान करतो. माणसाच्या इच्छेला मान देणे हे आपल्या धम्मात बसते, नुसते गूगलच्या नियमात नाही.

चौथे, मजकूर युनिकोडमध्ये लिहा, पोस्टर जोडायचे तर खाली तोच मजकूर अक्षरांत द्या. आणि उत्तर देता येईल अशा पत्त्यावरून पाठवा. वाचकाने उत्तर दिले, पत्ता जपून ठेवला, स्पॅममधून पत्र बाहेर काढले, तर चाळणी शिकते. ‘नो-रिप्लाय’ हे सरकारी साहेबाचे वागणे आहे: मी बोलणार, तू ऐक. चळवळीच्या पत्राला उत्तर आलेच पाहिजे.

पाचवे, सगळे एकट्याने करायचा हट्ट नको. आपल्यात एक कडवा वर्गही आहे, त्याला वाटते की पत्र शेवटपर्यंत आपल्याच यंत्रातून गेले नाही तर स्वाभिमान गेला. त्याला एवढेच सांगेन की बाबासाहेबांनी पत्रे काढली, कागदाची गिरणी काढली नाही. डोमेन आपले, यादी आपली, आलेले टपाल ठेवण्याची पेटी आपली, या तीन गोष्टींवर तडजोड नको. बाहेर पाठवायला एखाद्या चांगल्या पतीच्या कंपनीचे माध्यम भाड्याने घ्यावे लागले तर घ्या. ती उद्या नडली तर एसपीएफच्या नोंदीत एक ओळ बदलून, तिची डीकेआयएमची किल्ली काढून दुसरीकडे जाता येते. वाहक बदलता येतो, कारण पत्ता तुमचा आहे. जीमेलच्या फुकट पत्त्यावर संस्था चालवणाऱ्याला हे स्वातंत्र्य नाही. खाते गेले की नाव गेले, यादी गेली, वीस वर्षांचा पत्रव्यवहार गेला.

याहून पुढची पायरी सहकाराची आहे. महाराष्ट्रात साखर आणि दूध सहकाराने चालते, मग टपाल का नाही? एका जिल्ह्यातल्या दहा अभ्यासिका, विहार समित्या, विद्यार्थी संघटना मिळून एक सर्व्हर नीट सांभाळू शकतात. दहा जणांची नियमित पत्रे गेली तर पतही लवकर उभी राहते. धोकाही तितकाच आहे: दहातल्या एकाने विकतची यादी वापरली तर दहाही काळ्या यादीत. म्हणून नियम लेखी हवेत, पाळत हवी, आणि मोडणाऱ्याला बाहेर काढण्याची हिंमत हवी. संघाला विनय का लागतो हे बौद्धांना समजावून सांगायची गरज नसावी.

“पण हे करणार कोण? पैसा कुठून?” हा प्रश्न मला सगळ्यात कमी पटतो. हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये परक्यांचे सर्व्हर रात्रपाळीत सांभाळणारे आपले किती तरी तरुण आहेत. जयंतीला ते वर्गणी देतात, निळा फेटा बांधून नाचतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्याकडे वर्गणीबरोबर महिन्यातले चार तास मागायला आपल्याला संकोच का वाटतो? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात छोट्या सर्व्हरचे वर्षाचे भाडे निघते. पैसा आहे, माणसे आहेत. आपली दळणवळणाची साधने आपल्या हातात असावीत ही भूक मात्र कमी झाली आहे.

आणि स्वतःचे घर नीट केल्यावर, त्यानंतरच, मागणी करण्याचा अधिकार येतो. मागण्या तीन आहेत. पत्र अडवले तर पाठवणाऱ्याला कारण कळवा; गुपचूप गाडू नका. फेरविचारासाठी यंत्रामागे माणूस बसवा, आणि त्याला मराठी कळू द्या. आणि सरकारी कार्यालयांनी, विशेषतः शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचे काम पाहणाऱ्यांनी, नुसता मेल पाठवणे म्हणजे विद्यार्थ्याला कळवणे असे समजू नये. मेलबरोबर एसएमएस जावा, आणि विद्यार्थ्याला पत्र मिळाल्याची खात्री होईपर्यंत मुदत मोजायला सुरुवात होऊ नये. ही तिसरी मागणी घेऊन या शैक्षणिक वर्षात प्रत्येक जिल्ह्यातल्या विद्यार्थी संघटनेने समाजकल्याण कार्यालयात निवेदन द्यावे, पोच घ्यावी, आणि त्याची प्रत स्वतःच्या डोमेनवरून मेलही करावी.

तोवर प्रत्येकाने आज रात्री एक काम करावे. आपला, आपल्या भावंडांचा आणि वस्तीतल्या प्रत्येक शिकणाऱ्या मुलाचा स्पॅम फोल्डर उघडून पाहावा. तिथे कोणाचे तरी प्रवेशपत्र मुदतीची वाट बघत पडलेले असू शकते.

जय भीम.